ब्राझीलचे ते सगळेच बोसा नोवा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत कर्ट रोझेनविंकल या अमेरिकन जॅझ गिटारवादकाच्या 'काइपी' या अल्बमवर लेख आला. मराठी दैनिकाच्या नाशिक आवृत्तीत जॅझ गिटारला अर्धे पान मिळाले, याबद्दल लेखकाचे आणि आपलेही आभार. पण लेखात या अल्बमला पाच-सहा वेळा 'बोसा नोवा' (ब्राझीलची गिटारवरची एक हळुवार गायनशैली) म्हटले आहे. ज्यांना तो आवडेल त्यांनी 1960 च्या दशकातल्या बोसा नोवाच्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात, असा सल्लाही दिला आहे. भावगीत आवडले म्हणून एखाद्याला लावणीच्या फडाचा पत्ता द्यावा, तसे हे झाले. दोन्ही मराठीच, दोन्हींत शब्द-सूर-ताल आहेतच. पण पत्ता चुकला तो चुकलाच.

आम्ही या शहरात गिटार शिकवणारे, वाजवणारे आणि कार्यक्रमांचा साउंड बघणारे काही जण मिळून हे पत्र लिहीत आहोत. चूक नुसती नावाची असती तर सोडून दिली असती. पण नाव चुकले की शिकणारा भलताच ठेका महिनाभर घोटतो, दुकानातून भलतीच गिटार घरी येते आणि साउंडवाला भलत्याच वाद्याच्या हिशेबाने मिक्सरची बटणे फिरवतो. 'बोसा'ची संध्याकाळ म्हणून जाहिरात करायची आणि जुनी हिंदी गाणी संथ करून, ड्रमच्या कडेवर टिकटिक लावून वाजवायची, हा प्रकार कॉलेज रोडच्या कॅफेंपासून गंगापूर धरणाकडच्या वायनरींपर्यंत सर्रास चालतो, तो याच गोंधळातून.

आधी अल्बमचे बोलू. 'काइपी' 2017 साली आला. फिलाडेल्फियात 1970 साली जन्मलेले रोझेनविंकल त्याआधी न्यूयॉर्कच्या जॅझमध्ये नावाजलेले होते. 2001 च्या 'द नेक्स्ट स्टेप'मध्ये गिटार, सॅक्सोफोन, बास आणि ड्रम अशी सरळ चौकडी आहे. 'काइपी'चा कारखाना वेगळा. सुमारे दहा वर्षे ते त्यावर काम करत होते आणि बहुतेक वाद्ये त्यांनी स्वतःच वाजवली: गिटार, बास, ड्रम, कीबोर्ड. थरावर थर चढवत रचलेले हे संगीत आहे. ब्राझीलचा तरुण गिटारवादक-गायक पेद्रो मार्टिन्स त्यात आहे, जुने साथीदार मार्क टर्नर यांचा सॅक्सोफोन आहे आणि एका गाण्यात चक्क रॉक गिटारवादक एरिक क्लॅप्टनही आहेत. रोझेनविंकल स्वतः गातात. गिटारवर सुचणारी ओळ वाजवता वाजवता तोंडाने गुणगुणायची त्यांची सवय जुनीच. इथे तो गळा उघडपणे पुढे आला आहे. ड्रमची चाल पुष्कळदा पॉप-रॉकची आहे, गाण्यांना कडवे-धृपदासारखा घाट आहे. अशा अल्बमला 'शांत, कॉफीसोबत ऐकायचे' हे विशेषण लावणाऱ्याने बहुधा तो लहान स्पीकरवर, दुसरे काहीतरी करत ऐकला असावा.

मग यात ब्राझील कुठे आहे? त्यासाठी दोन गावे ध्यानात ठेवावी लागतात: रिओ आणि बेलो होरिझोंते.

बोसा नोवा हे रिओचे अपत्य. जुआंव जिल्बेर्तो यांनी 1958 मध्ये एक छोटी तबकडी आणि 1959 मध्ये पहिला अल्बम केला, तिथून त्याची सुरुवात धरतात. (जाता जाता उच्चाराचे. लेखात 'जोआओ' छापले आहे. पोर्तुगीजांनी आपल्याला साबण, बटाटा, चावी, घमेले आणि पाव दिले. आपल्या 'पाव'च्या शेवटी जो आवाज आहे तोच, थोडा नाकातून काढला की 'जुआंव' होते. मराठी माणसाला हे नाव इंग्रजीच्या आडवाटेने उच्चारायची गरज नाही.) रस्त्यावरच्या सांबामध्ये पन्नास-शंभर माणसे जे वाजवतात ते जिल्बेर्तोंनी एका नायलॉन तारांच्या गिटारवर, उजव्या हाताच्या चार बोटांत आणून बसवले. गळ्याचा आवाज कुजबुजीएवढा, ताल मात्र तसूभर ढळणार नाही. संगीतकार जॉबिम यांच्या चालींना ते चपखल बसले. फेब्रुवारी 1962 मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका चर्चच्या सभागृहात सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि गिटारवादक चार्ली बर्ड यांनी 'जॅझ सांबा' ध्वनिमुद्रित केला आणि तो अमेरिकेच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. 1963 मध्ये गेट्झ, जिल्बेर्तो आणि जॉबिम एकत्र आले. 1964 मध्ये निघालेल्या त्या अल्बमला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळाले. जगाला 'ब्राझील म्हणजे बोसा' वाटते ते या दोन-तीन वर्षांमुळे.

बेलो होरिझोंते हे मिनास जेराइस प्रांताचे गाव. समुद्र नाही, डोंगर आणि खाणी. प्रांताच्या नावाचा अर्थच 'सर्वसाधारण खाणी'. जुनी चर्चे, त्यातले समूहगान, आणि तिथे वाढलेली, बीटल्स ऐकून वेडी झालेली पोरे. मिल्टन नासिमेंतो आणि लो बोर्जेस यांनी 1972 मध्ये 'क्लुबे दा एस्किना' हा जोड-अल्बम केला. त्यात इलेक्ट्रिक गिटार आहे, ऑर्केस्ट्रा आहे, चर्चचा घुमारा आहे, पॉपची उचल आहे. टोनिन्यो ओर्ता हा गिटारवादक याच कंपूतला. जॅझवाल्यांनी हे फार लवकर हेरले. सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर यांनी मिल्टनना घेऊन केलेला अल्बम 1975 मध्ये निघाला. गिटारवादक पॅट मेथेनी यांच्या 1980 च्या दशकातल्या कामावर, विशेषतः 1987 च्या 'स्टिल लाइफ (टॉकिंग)'वर, ही छाया उघड दिसते: शब्दाविना गाणारे गळे, पायाखालून सरकणारे कॉर्ड (एकदम वाजणारे सुरांचे गुच्छ), आणि रस्ता धावतो आहे असे वाटायला लावणारा ताल.

'काइपी' याच दुसऱ्या वाटेवरचा आहे. तेव्हा तो आवडला तर पुढचा अल्बम 1972 चा ऐकावा, 1963 चा नव्हे. लेखातली मुख्य दुरुस्ती एवढीच. पण बोसा कशाला म्हणतात हे हाताला कळल्याशिवाय हे बोसा का नाही हेही कळत नाही, म्हणून पुढचा तपशील. वाजवणाऱ्यांसाठी तो आहेच; पण टेबलावर बोटे आपटणाऱ्या कोणालाही तो करून पाहता येईल.

नाशिककराला यासाठी इंग्रजी स्वरलिपी लागत नाही, तीनताल पुरतो. सोळा मात्रा मोजा. अंगठा पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या मात्रेवर, म्हणजे टाळी-खालीच्या जागांवर. हा झाला खर्ज. आता उरलेली तीन बोटे (तर्जनी, मधले, अनामिका) एकदम, एकाच झटक्यात तारा उचलतील त्या या मात्रांवर:

1 – – 4 – – 7 – – – 11 – – 14 – –

म्हणजे अंतरे 3, 3, 4, 3, 3. पाच ठोक्यांपैकी फक्त सम टाळीशी जुळते. चौथी मात्रा टाळीच्या जरा आधी येते, चौदावी जरा नंतर. सगळी गंमत या आधी-नंतरमध्ये आहे. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारे यंत्र) मिनिटाला 60 वर ठेवा. प्रत्येक टिकेला चार मात्रा. 70-75 पर्यंत गेलात की बोसाची चाल आली. 100 च्या आसपास तो सांबा होतो, पण तिथवर जायला घाई नको.

इथे चुका ठरलेल्या आहेत. सर्वांत मोठी म्हणजे चौदाव्या मात्रेवरचा ठोका तेराव्यावर घसरणे. तिथे टाळी आहे, अंगठा आहे, हात आपोआप तिकडे ओढला जातो. घसरला की अंतरे 3, 3, 4, 2, 4 होतात आणि तो क्यूबाचा ठेका बनतो, ब्राझीलचा राहत नाही. कार्यक्रमांत ड्रमर कडेवर जी टिकटिक करतात ती दहातल्या सात वेळा हीच असते. उपाय: गिटार बाजूला ठेवून पायाने 1-5-9-13 आणि टाळीने बाकीचे, तोंडाने 'तीन-तीन-चार-तीन-तीन' म्हणत, रोज दहा मिनिटे. 'चार'चा आकडा जरा लांबवून म्हणावा. तिथे श्वास घेतला तर उत्तम.

दुसरी चूक वजनाची. आपल्याकडे समेचा मान मोठा, त्यामुळे अंगठा पहिल्या मात्रेवर दणका देतो. सांबातला सर्वांत मोठा ढोल, सुर्दु, जोर देतो तो दुसऱ्या ठोक्यावर, म्हणजे आपल्या हिशेबात पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर. पहिला ठोका दबलेला, दुसरा घुमणारा. मिरवणुकीत नाशिक ढोल ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला हे सुरुवातीला उलटे वाटते. पण ढोल-ताशा ऐकणाऱ्याला एक गोष्ट फुकट कळते: खाली संथ आणि जड, वर बारीक आणि चपळ असे दोन थर एकमेकांच्या मध्ये कसे बसतात. ताशाचे काम तिकडे तांबोरी नावाचे तळहाताएवढे वाद्य करते. त्याचा अस्सल ठेका सोळा मात्रांचे 7 आणि 9 असे असमान तुकडे करतो. जिल्बेर्तोंची बोटे गिटारवर या तांबोरीचीच नक्कल करतात, आणि वरचा पाच ठोक्यांचा नमुना म्हणजे त्याची फक्त बाळबोध प्रत आहे. ती घोटून झाली की ध्वनिमुद्रणावरून कानाने भर घालत जावे. तोच नमुना पूर्ण गाणेभर यंत्रासारखा वाजवणे हीही चूकच आहे, पण ती वरच्या वर्गातली.

तिसरी गोष्ट जॅझ शिकून आलेल्यांची. त्यांच्या हातात झुलती चाल बसलेली असते, दोनातला पहिला स्वर लांब आणि दुसरा आखूड. इथे मात्रा समान ठेवायच्या. अगदी घड्याळासारख्या नव्हे, पण झोपाळ्यासारख्या मुळीच नव्हे.

ठेका बसल्यावर कॉर्ड. सहाही तारांवर पट्टी लावून खर्रकन हात फिरवायचा नाही. चार सूर पुरतात, एक खालचा आणि तीन वरचे. सरावाला ही तीन घ्या. पहिला जी मायनर सेव्हन: सहावी, चौथी, तिसरी आणि दुसरी तार, चारही तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची घरे), पाचवी आणि पहिली मुकी. दुसरा सी नाइन: पाचवी तार तिसऱ्या फ्रेटवर, चौथी दुसऱ्यावर, तिसरी आणि दुसरी तिसऱ्यावर. शेवटी एफ मेजर सेव्हन: सहावी पहिल्या फ्रेटवर, चौथी आणि तिसरी दुसऱ्यावर, दुसरी पहिल्यावर. प्रत्येकी एक आवर्तन, शेवटच्यावर दोन. अंगठ्याने आधी एकच खर्ज धरावा. नंतर सी नाइनमध्ये पाचव्या तारेवरचे बोट उचलून त्याच फ्रेटवर सहाव्या तारेवर ठेवले की पंचम मिळतो. 5 आणि 13 वर तो वाजवून बघा, सुर्दु हलका ऐकू यायला लागेल.

खरा जिल्बेर्तो यापुढे सुरू होतो. पुढच्या आवर्तनाचा कॉर्ड समेवर न येता सोळाव्या मात्रेवरच येतो, आणि अंगठा मात्र समेवर जागचा हलत नाही. आपल्या गायकीत ज्याला अनागत म्हणतात तेच हे. तबलजीला हे एका वाक्यात कळते, गिटारच्या विद्यार्थ्याला तीन महिने लागतात. कारण डावा हात सोळाव्या मात्रेला बदलायचा तर त्याची तयारी पंधरावीलाच करावी लागते आणि तोवर अंगठाही घाबरून पुढे पळतो. अंगठा पळाला की थांबा, मेट्रोनोम पुन्हा 60 वर.

आता हेच घेऊन 'काइपी' लावा. बसत नाही. खर्ज ठराविक जागी पडत नाही, बोटांची ती टिकटिक नाही, कॉर्ड एका घरातून दुसऱ्या घरी न जाता तरंगत राहतात. मिनासच्या पद्धतीत खालचा सूर आणि वरचा कॉर्ड एका कुटुंबातले असतीलच असे नाही. करून पाहायला सोपे आहे. सहावी तार उघडी ठेवा, तो आपला तंबोरा. तिसऱ्या, दुसऱ्या, पहिल्या तारेवर 2-3-2 या फ्रेटवर डी मेजर धरा. तोच आकार उचलून 5-6-5 वर न्या, मग 7-8-7 वर. खर्ज तोच, वरचा त्रिकूट डी, एफ, जी असा सरकत जातो. प्रत्येक ठिकाणी प्रकाश बदलल्यासारखा वाटेल, पण गाणे 'मुक्कामाला पोचले' असे कुठेच वाटणार नाही. खर्जावर स्वर ठेवून ऐकायची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असल्यामुळे मराठी कानाला बोसापेक्षा मिनास जवळचे वाटावे, असे आमचे मत आहे. रोझेनविंकल यात आणखी एक करतात: वरच्या त्रिकूटातला प्रत्येक सूर स्वतःची वेगळी चाल चालतो, जणू तीन गायक. म्हणून या अल्बमची गाणी बसवताना कॉर्डचे नाव लिहून घेण्याऐवजी सर्वांत वरच्या सुराची ओळ आधी गाऊन बघावी. ती गळ्यात आली की खालचे सूर शोधणे निम्मे सोपे होते.

वाद्याविषयी थोडे, कारण इथे लोकांचे पैसे वाया जातात. बोसासाठी नायलॉन तारांची क्लासिकल गिटार लागते: तारेची लांबी साधारण 650 मिलिमीटर, मानेची रुंदी नटपाशी (डोक्याकडच्या, तारा टेकतात त्या पट्टीपाशी) 52 मिलिमीटर. 'काइपी'सारख्या संगीतासाठी इलेक्ट्रिक आणि नायलॉन दोन्ही चालतील, पण एकच घ्यायची तर आधी इलेक्ट्रिक. 'आवाज मोठा यावा' म्हणून क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा चढवणे हा गुन्हा समजावा. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण सुमारे 40 किलो. स्टीलच्या हलक्या संचाचाही 70 किलोच्या पुढे जातो. क्लासिकलच्या मानेत बहुधा ताण सांभाळणारी लोखंडी सळी नसते आणि पुढच्या फळीखालच्या पट्ट्या नाजूक असतात. काही आठवड्यांत ब्रिजमागे (फळीवर तारा बांधतात त्या पट्टीमागे) फुगवटा येतो, मग ब्रिज उखडतो. तो परत चिकटवता येतो. वाकलेली मान सहजी सरळ होत नाही. नायलॉन तारा बसवताना ब्रिजपाशी वरच्या तीन गुळगुळीत तारांना दोन-तीन वेढे द्यावेत, खालच्या गुंडाळीच्या तारांना एक पुरतो. पहिली तार सटकून फळीवर चरा पाडते ती एकाच वेढ्यामुळे. नव्या तारा तीन-चार दिवस उतरत राहतात. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तारा बदलणाऱ्याने संध्याकाळी सूर लावण्यातच निम्मा वेळ घालवायची तयारी ठेवावी.

नाशिकची हवा हा स्वतंत्र विषय आहे. लाकडाला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी फळी आकसते, फ्रेटची टोके बाहेर येऊन बोटाला टोचतात आणि ब्रिजच्या खाली उभी चीर पडू शकते. आषाढ-श्रावणात उलटे: फळी फुगते, तारा उंच होतात, आवाज भिजल्यासारखा लागतो. उन्हाळ्यात भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओलसर, पिळलेला स्पंज घालून ती केसमध्ये ठेवावी. पावसाळ्यात तिच्या जागी सिलिका जेलच्या पुड्या. आणि उन्हात उभ्या मोटारीच्या डिकीत गिटार कधीही नाही. सरस मऊ पडतो.

साउंडवाल्या मंडळींसाठी आणि त्यांना घाई करणाऱ्या आयोजकांसाठी. स्टेजवरच्या नायलॉन गिटारमध्ये बहुधा ब्रिजखाली पायझो पिकअप (तारांचे कंपन विजेच्या लहरींत बदलणारी पट्टी) असतो. त्यात बॅटरीवर चालणारा प्रीअँप (या लहरी मिक्सरजोगत्या करणारी यंत्रणा) नसेल तर तो थेट मिक्सरला जोडू नये. पायझोला समोर किमान 1 मेगाओहम लागतो, मिक्सरच्या लाइन इनपुटला असतात साधारण 10 किलोओहम. परिणामी खालचा सगळा गाभा गळून जातो आणि पत्र्याचा आवाज उरतो. मग इंजिनिअर बास वाढवतो आणि गिटार हुंकारायला लागते. मध्ये ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (हेच काम बाहेरून करणारी डबी) घातला की हा सारा खेळ टळतो. प्रीअँप असेल तर 9 व्होल्टची बॅटरी नवी आहे ना, एवढे विचारा. उतरलेली बॅटरी फाटका आवाज देते आणि दोष केबलला मिळतो.

हुंकाराचे ठिकाण ठरलेले आहे. क्लासिकल गिटारच्या पोटातल्या हवेचा घुमारा 100 हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे सहाव्या तारेचा तिसरा-चौथा फ्रेट. तिथे अरुंद पट्ट्यात 4 ते 6 डेसिबल उतरवावे, 80 हर्ट्झच्या खालचे कापून टाकावे. 2 ते 3 किलोहर्ट्झमध्ये 3 डेसिबल कमी केले की पायझोचा प्लॅस्टिकसारखा टणत्कार जातो. एवढे करूनही हुंकारत असेल तर भोकावर रबरी झाकण. माइक वापरायचाच तर बाराव्या फ्रेटसमोर, वीत-दीड वीत अंतरावर. भोकासमोर मुळीच नाही. मॉनिटर (वादकाकडे तोंड केलेला स्पीकर) माइकच्या पाठीशी ठेवावा. हे झाले बोसाचे, जिथे गिटारच ताल धरते आणि म्हणून तिचा ठोका गाण्याइतकाच स्पष्ट ऐकू आला पाहिजे.

'काइपी'च्या वळणाचे संगीत वाजवणारा बँड असेल तर हिशेब उलटा. तिथे इलेक्ट्रिक गिटारवर वादकाने स्वतःच रिव्हर्ब (घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी) लावलेला असतो. त्यावर मिक्सरमधून हॉलचा रिव्हर्ब पुन्हा चढवला की सगळे कॉर्ड एकमेकांत लापशीसारखे मिसळतात, आणि वर म्हटलेल्या तीन गायकांपैकी एकही ओळखू येत नाही. साउंडचेकला वादकाला एकच कॉर्ड वाजवून थांबायला सांगावे आणि शेपूट किती वेळ राहते ते मोजावे. दोन सेकंदांच्या वर असेल तर मिक्सरचा रिव्हर्ब गिटारला शून्य, फक्त गळ्याला. वादक गिटारसोबत गुणगुणणारा असेल तर त्याच्या माइकची पातळी गिटारपेक्षा खाली हवी. तो गळा गिटारच्या सुराला कड देण्यासाठी असतो, सुटा ऐकू येण्यासाठी नव्हे. ड्रमरला ब्रश आणून देऊ नका. बोसा म्हणून बोलावले असेल तर तो घरून ब्रशच घेऊन येईल, आणि या संगीताला काठ्या लागतात.

आपल्याकडे तीन मागण्या आहेत, तिन्ही बिनखर्चाच्या. पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापावी: 'काइपी' हा बोसा नोवाचा अल्बम नाही, त्याचे नाते 1970 च्या दशकातल्या मिनासच्या संगीताशी आणि पॉपशी आहे. परदेशी संगीतावर लिहिताना सोबत छोटी चौकट द्यावी: कोणी काय वाजवले, कधी निघाला, कोणत्या तारांची गिटार. आपल्या पुरवणीत शास्त्रीय मैफलीच्या वृत्तांतात तबल्याला कोण आणि पेटीला कोण हे कधी सुटत नाही. पंचवटीत पलुस्करांनी आश्रम काढलेल्या या गावात ते सुटून चालणारही नाही. तोच मान ड्रमरला मिळावा. आणि पोर्तुगीज नावे छापायच्या आधी कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावीत. नसेलच कोणी जवळ तर 'पाव' आठवावा.

कळावे,
आपले,
गिटार शिकवणारे, वाजवणारे आणि साउंड बघणारे काही नाशिककर